थायरॉइड काढल्यानंतरचं कॅल्शियम: आधी कसं ओळखायचं, घरी काय करायचं

माझ्या वहिनीचं पूर्ण थायरॉइड काढलं तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी कॅल्शियमचा रिपोर्ट ८.६ म्हणजे नॉर्मल आला, सगळे खुश, दुपारी डिस्चार्ज, संध्याकाळी गाडी करून कराडच्या पुढे गावी. तिसऱ्या दिवशी पहाटे दात घासताना तिला ओठ जड वाटायला लागले, मग बोटांत मुंग्या, आणि घरात सगळ्यांचं एकच, अगं झोपेत हात अंगाखाली आला असेल. नऊ वाजेपर्यंत हाताची बोटं आपोआप आत वळून एकमेकांना चिकटली आणि सरळ होईनात. मी सर्जिकल वॉर्डात अकरा वर्षं सिस्टर आहे आणि तरी फोनवर तिला पहिलं काय विचारलं तर "नीट जेवलीस का काल". घरचं माणूस असलं की आपलं डोकं चालत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

तर हे लिहितेय ते ज्यांचं स्वतःचं किंवा घरात कुणाचं ऑपरेशन ठरलंय त्यांच्यासाठी, आणि वॉर्डात नव्याने लागलेल्या पोरींसाठी पण. गोळीचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार, मी फक्त कधी काय विचारायचं आणि कशाकडे बघायचं ते सांगतेय.

आधी कॅल्शियम का कमी पडतं ते समजून घ्या

थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटून बहुतेक लोकांना चार बारीक ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड, एकेक तांदळाच्या नाहीतर मसुरीच्या दाण्याएवढी, रंग पिवळसर तपकिरी म्हणजे आजूबाजूच्या चरबीत सहज मिसळून जाणारा. गंमत म्हणजे या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या एका गेंड्यात, लंडनच्या झूमध्ये मेलेला आपल्याकडचा भारतीय गेंडा रिचर्ड ओवेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास कापून बघितला तेव्हा, आणि माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन झालं १८८० मध्ये, ते पण स्वीडनमधल्या इव्हार सँडस्ट्रॉम या मेडिकलच्या विद्यार्थ्याकडून. गेंड्याच्या मानाने आपल्या मानेत शोधणं किती अवघड असेल विचार करा.

या ग्रंथींचं हॉर्मोन म्हणजे पीटीएच. ते हाडातून कॅल्शियम रक्तात आणतं, किडनीतून वाया जाणारं कॅल्शियम अडवतं, आणि व्हिटॅमिन डी ला कामाचं बनवतं म्हणजे आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. ऑपरेशनमध्ये थायरॉइड सोडवताना या ग्रंथींचा रक्तपुरवठा ताणला जातो, दुखावला जातो, कधी एखादी ग्रंथी थायरॉइडसोबत निघून पण जाते. बहुतेक वेळा त्या मरत नाहीत, काही दिवस नाहीतर काही आठवडे गप्प बसतात. म्हणून लगेच "डॉक्टरने चुकवलं" म्हणू नका, चांगल्या हातातूनही हे होतं. पूर्ण थायरॉइड काढलेल्या साधारण चार-पाच जणांत एकाला तरी काही काळ कॅल्शियम कमी पडतं, कायमचं राहतं ते फार थोड्यांना, अनुभवी सर्जनकडे शंभरात एक-दोन.

आता मुख्य मुद्दा, हा नीट वाचा. पीटीएच रक्तात काही मिनिटंच टिकतं, ग्रंथी बंद पडली की तासाभरात आकडा खाली. पण कॅल्शियम लगेच पडत नाही, ते हळूहळू उतरतं आणि तळाला जातं ते दुसऱ्या ते तिसऱ्या दिवशी, कधी चौथ्या. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे, मोटर सकाळीच जळाली तरी नळाला पाणी संध्याकाळपर्यंत येत राहतं आणि घरातल्यांना वाटतं सगळं ठीक आहे. वहिनीचं ८.६ म्हणजे टाकीत उरलेलं पाणी होतं. मोटर चालू आहे का ते कुणी बघितलंच नव्हतं.

ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधी

सर्जनना सरळ विचारा, अर्धं काढणार की पूर्ण. अर्धंच काढणार असतील तर दुसऱ्या बाजूच्या ग्रंथींना हातच लागत नाही, कॅल्शियमची भीती खूपच कमी, मग इतकं टेन्शन घ्यायचं कारण नाही. पूर्ण काढणार असतील तर पुढचं बघा, कारण धोका सगळ्यांना सारखा नसतो. कॅन्सरमुळे मानेच्या मधल्या भागातल्या लिम्फच्या गाठी पण काढायच्या असतील, ग्रेव्हजचा आजार असेल म्हणजे थायरॉइड जोरात चालणारा, गलगंड खूप मोठा किंवा छातीत उतरलेला असेल, आधी एकदा मानेचं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा व्हिटॅमिन डी आधीच कमी असेल, तर तुम्ही जास्त धोक्याच्या यादीत. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतं असंही दिसतं. ग्रेव्हजवाल्यांचं अजून एक, थायरॉइड जोरात असताना हाडं झिजलेली असतात, ते बंद झालं की हाडं भुकेल्यासारखी रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात, त्यामुळे पीटीएच बरा असूनही आकडा घसरू शकतो.

टेस्ट कुठल्या करायच्या तर कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), व्हिटॅमिन डी, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), आणि जमलं तर पीटीएच पण, म्हणजे नंतरच्या आकड्याशी ताडून बघता येतो. व्हिटॅमिन डी २० च्या खाली निघणं आपल्याकडे अगदी कॉमन आहे, ऊन एवढं असून. ६० हजार युनिटचं आठवड्याला एक सॅशे हे बहुतेकांना माहितीये, पण ते भरून यायला आठवडे लागतात म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही, आधीच विचारा.

आणि एक कामाची गोष्ट, गावी जाणार असाल तर कॅल्शियमच्या गोळ्या आणि कॅल्सिट्रायॉलच्या (म्हणजे तयार, कामाचं बनवलेलं व्हिटॅमिन डी) कॅप्सूल शहरातूनच घेऊन जा. कॅल्शियम कुठल्याही मेडिकलमध्ये मिळेल, कॅल्सिट्रायॉल छोट्या गावात "उद्या मागवून देतो" असं असतं, आणि आपल्याला ते रात्री अकरा वाजता हवं असतं.

ऑपरेशनचा दिवस आणि पुढची सकाळ

इथे विचारायचा एकच प्रश्न पाठ करून ठेवा: "पीटीएच केलाय का, किती आला?" ऑपरेशन संपल्यावर वीस मिनिटांनंतर कधीही, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, हे ब्लड घेता येतं. साधारण नॉर्मल १५ ते ६५ च्या दरम्यान. १५ किंवा जास्त आला तर मोठा त्रास व्हायची शक्यता कमी, बरेच डॉक्टर अशांना थोडं कॅल्शियम देऊन किंवा नुसतं लक्ष ठेवून सोडतात. १० च्या खाली असेल तर कॅल्शियम घसरणार असंच धरून चालायचं आणि आकडा पडायची वाट न बघता कॅल्शियम आणि कॅल्सिट्रायॉल दोन्ही सुरू, मधल्यांचं डॉक्टर बघून ठरवतात. लॅबप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे रिपोर्टवरची त्यांची रेंज बघा.

पीटीएच सगळीकडे होत नाही, खर्च पण आहे. नसेल तर निदान कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ करायला सांगा आणि एकटा आकडा न बघता उतार बघा. ९.२, मग ८.६, मग ८.१ असं चाललं असेल तर ८.१ "फारसं कमी नाही" म्हणून खुश होऊ नका, गाडी उताराला लागलीये. शिवाय अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियम उगाच कमी दिसतं, त्याचा साधा हिशोब असा की अल्ब्युमिन ४ पेक्षा जेवढं कमी त्याला ०.८ ने गुणायचं आणि ते कॅल्शियममध्ये मिळवायचं. उदाहरणार्थ कॅल्शियम ८.० आणि अल्ब्युमिन ३.० तर खरं धरायचं ८.८. नव्या सिस्टर लोकांनी हे वहीत लिहून ठेवा, राउंडला विचारतात.

वॉर्डात अजून दोन जुन्या टेस्ट करतात. कानासमोर गालावर बोटाने टिचकी मारली की ओठाचा कोपरा उडतो ती श्वोस्टेकची खूण, ती नॉर्मल लोकांत पण दहातल्या एकाला दिसते त्यामुळे माझा तिच्यावर फार भरवसा नाही. दुसरी ट्रूसोची, बीपीचा पट्टा वरच्या बीपीच्या २० वर फुगवून तीन मिनिटं ठेवायचा, हाताची बोटं वळून आत आली तर समजायचं, ही जास्त खरी. घरी करत बसू नका, दुखतं आणि उगाच घाबरगुंडी.

डिस्चार्जच्या कागदावर काय असायला हवं

शेवटचं कॅल्शियम किती आणि किती वाजताचं, पीटीएच किती, पुढचं ब्लड कधी करायचं (घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत एकदा तरी, जास्त धोका असेल तर त्याआधी), आणि मुंग्या आल्या तर जास्तीच्या किती गोळ्या लगेच घ्यायच्या आणि कुठल्या नंबरवर फोन करायचा. हे शेवटचं लिहूनच घ्या, तोंडी नको. रात्री दोनला कुणाला आठवत नाही डॉक्टर काय म्हणाले होते. वहिनीच्या कागदावर यातलं फक्त "कॅल्शियम नॉर्मल" एवढंच होतं.

गोळ्यांचा घोळ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. डब्यावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ लिहिलेलं असतं आणि नावात ५०० असतं, लोक विचारतात नक्की किती. कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे १२५० मध्ये ५००. सायट्रेटमध्ये साधारण २१ टक्केच, म्हणून तेवढ्याच कॅल्शियमला गोळ्या जास्त लागतात. डॉक्टर "दिवसाला दीड ग्रॅम" म्हणाले तर ते खऱ्या कॅल्शियमचं म्हणतायत का ते विचारा. ऑपरेशननंतर दिवसाला १ ते ३ ग्रॅम खरं कॅल्शियम अशी रेंज असते, तीन-चार वेळात विभागून, कारण आतडं एकावेळी ५०० च्या आसपासच नीट घेतं, एकदम चार गोळ्या गिळल्या तर बरंचसं वाया.

कार्बोनेटला पोटातलं ॲसिड लागतं म्हणून जेवणाबरोबर घ्यायचं. आपल्याकडे प्रत्येक डिस्चार्जला ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलची गोळी फुकट असल्यासारखी लिहिलेली असते, ती चालू असेल तर कार्बोनेट नीट शोषलं जात नाही, मग एकतर ती खरंच हवीये का विचारा नाहीतर सायट्रेट मागा.

कॅल्सिट्रायॉल का वेगळं, सॅशेवालं व्हिटॅमिन डी घेतोयच की, हा पण नेहमीचा प्रश्न. सॅशेतलं व्हिटॅमिन डी किडनीत जाऊन कामाचं बनवायला पीटीएच लागतं आणि इथे तेच झोपलंय, म्हणून तयार बनवलेलं द्यावं लागतं, ०.२५ मायक्रोग्रॅमच्या कॅप्सूल, साधारण दिवसातून दोनदा एक किंवा दोन. दोन्हींची कामं वेगळी, एक बंद करून दुसरं चालू असं स्वतःच्या मनाने नको.

आणि थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या हॉर्मोनची गोळी. थायरॉइड काढलं म्हणजे ती गोळी आयुष्यभर, सकाळी उपाशीपोटी. कॅल्शियम त्याच्याजवळ घेतलं तर ते थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं आणि मग दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची ब्लड टेस्ट) वाढलेला निघतो आणि डोस वाढवला जातो, विनाकारण. दोघांत चार तासांचं अंतर. वहिनीचं टाइमटेबल आम्ही फ्रिजवर चिकटवलं होतं: सहाला थायरॉक्सिन, सातला चहा-नाश्ता (त्यात कॅल्शियम नाही), साडेबाराला जेवणाबरोबर पहिलं कॅल्शियम, साडेपाचला काहीतरी खाऊन दुसरं, रात्री जेवताना तिसरं. लोहाची गोळी असेल तर ती पण कॅल्शियमबरोबर नको.

दूध, नाचणी, तीळ खूप खा म्हणणारे नातेवाईक भेटतील, खा, चांगलंच आहे, पण हिशोब बघा. ग्लासभर म्हणजे २०० मिली दुधात साधारण २४० मिग्रॅ कॅल्शियम, आणि इथे सुरुवातीला दीड-दोन ग्रॅम लागतंय. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, पण सगळं शोषलं जात नाही. खाणं गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.

मुंग्या आल्या तर

पहिली घंटा ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, बधिरपणा, कधी पायाच्या बोटांना. कुणी म्हणतं चेहरा ताणल्यासारखा वाटतोय, कुणाची नुसती चिडचिड आणि धडधड. पेशंट "कसंतरीच होतंय" एवढंच म्हणेल, विशेषतः आपल्या बायका, त्रास नको म्हणून सांगणारच नाहीत, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत तुम्ही स्वतःहून विचारा, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, ओठ कसे आहेत.

मुंग्या असतील तर कागदावर लिहिलेला जास्तीचा डोस लगेच, डॉक्टरांना फोन, आणि जवळच्या लॅबमध्ये कॅल्शियम. तासाभरात कमी नाही झालं किंवा वाढलं तर रिपोर्टची वाट न बघता दवाखान्यात. हातपाय वळले, पोटऱ्यांत गोळे आले, घसा आवळल्यासारखा झाला, श्वासाला आवाज येतोय, झटका आला, छातीत धडधड थांबत नाही, यातलं काहीही दिसलं तर घरी काही करत बसायचं नाही, १०८ किंवा जी गाडी मिळेल ती. मान सुजत चाललीये आणि श्वास कोंडतोय तर ते कॅल्शियम नाही, आत रक्त साठतंय, ते याहून तातडीचं, तिथे मिनिटं मोजायची.

घाबरून जोरजोरात श्वास घेतला तरी मुंग्या येतात, आणि त्या श्वासाने रक्तातलं कामाचं कॅल्शियम अजून खाली जातं, म्हणजे दोन्ही एकमेकांना वाढवतात. म्हणून पेशंटला बसवा, हळू श्वास घ्यायला लावा, पण "टेन्शनमुळे होतंय" म्हणून विषय संपवू नका. ऑपरेशनच्या पहिल्या आठवड्यातल्या मुंग्या म्हणजे ब्लड होईपर्यंत कॅल्शियमच समजायचं.

दवाखान्यात जाताना पहिल्या वाक्यात सांगा, "परवा पूर्ण थायरॉइड काढलंय." वहिनीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा भाऊ आधी हात दाखवत बसला आणि तिथल्या नव्या पोराला वाटलं लकवा आहे. थायरॉइडचं म्हटल्यावर पाच मिनिटांत शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट लागलं, आकडा आला ६.९. हे इंजेक्शन १० टक्क्यांचं, १० मिलीच्या एका ॲम्प्यूलमध्ये खरं कॅल्शियम फक्त ९३ मिग्रॅ, ते पातळ करून दहा-वीस मिनिटांत हळू द्यायचं, ईसीजी मॉनिटर लावून, कारण घाईत दिलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते म्हणून हाताला आग व्हायला लागली तर लगेच ओरडा, लाजू नका. नव्या सिस्टर, सोडा बायकार्बच्या लाइनमध्ये हे मिसळायचं नाही, पांढरा गाळ होतो, आणि पेशंट डिगॉक्सिनवर (हृदयाचं औषध) असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. एका ॲम्प्यूलचा असर काही तासांचाच, नंतर बहुतेक वेळा सलाइनमधून सावकाश चालू ठेवावं लागतं आणि गोळ्या सोबत. दोन-दोनदा देऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम बघितलंय का विचारा, ते कमी असलं की पीटीएच बनत पण नाही आणि लागू पण पडत नाही.

नंतर गोळ्या कमी करताना

इथे लोक दोन टोकं गाठतात. एक तर बरं वाटलं की स्वतःच बंद, आणि चार दिवसांनी परत मुंग्या. दुसरे वर्षभर तोच डोस घेत बसतात. दोन्ही चूक. सुरुवातीला आठवड्याला, मग दोन आठवड्यांनी कॅल्शियम करत डॉक्टर एकेक पायरी खाली आणतात. डोस तसाच राहिला आणि ग्रंथी जाग्या झाल्या तर कॅल्शियम उलट वाढतं: बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ, सुस्ती. हे दिसलं तरी ब्लड.

सहा महिने, काही डॉक्टर वर्ष धरतात, तरी गोळ्यांशिवाय चालत नसेल तर मग कायमचं म्हणतात. अशांचं कॅल्शियम नॉर्मलच्या खालच्या काठाला ठेवायचं असतं, ८ ते ९ मध्ये, मधोमध नाही, कारण किडनीला अडवायला पीटीएच नाही आणि जास्तीचं सगळं लघवीतून जातं, मुतखडे होतात. म्हणून मधूनमधून लघवीतलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन पण करायचं. जुलाब-उलट्या झाल्या तर गोळ्या अंगाला लागत नाहीत, त्या दिवसांत जपून, आणि प्रवासात गोळ्या डिकीतल्या बॅगेत नाही, हातातल्या पर्समध्ये.

वहिनीचा पीटीएच त्या तालुक्याच्या दिवशी ६ होता. कॅल्सिट्रायॉल पाचव्या आठवड्यात सुटलं, कॅल्शियम नवव्या, तेव्हा पीटीएच २२. उरलेल्या स्ट्रिपा आता आमची आई गुडघ्यांसाठी घेतेय, कुणालाही न विचारता, आणि मी ओरडले तर म्हणते वाया कशाला घालवायच्या.